आर्गॉन, फ्लॅट नंबर तीनशे दोन

पद्मजा आराध्ये यांच्या आर्गॉन नावाच्या कुत्र्याचं वय दीड वर्ष होतं, वजन चोवीस किलो होतं, त्याला दही आवडत असे आणि फटाक्यांची भीती वाटत असे. तो अस्तित्वात नव्हता, ही एकच गोष्ट पद्मजाबाईंनी कुठे नोंदवली नव्हती, कारण तसा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

विचारला असता तर त्यांनी खरं उत्तर दिलं असतं. जुळे सोलापुरातल्या सिद्धकृपा अपार्टमेंटमध्ये त्यांची ख्यातीच तशी होती. कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि 'साधारण' हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नव्हता. चहात साखर किती घालू असं विचारलं तर त्या ग्रॅममध्ये सांगत. सोसायटीच्या टाकीत क्लोरीन किती टाकायचं हे त्याच ठरवत, आणि गेल्या गणपतीत त्यांनी 'आपला मोबाइल आणि आपली माहिती' या विषयावर व्याख्यानही दिलं होतं. 'फोन जी जी परवानगी मागेल ती नाकारा,' हा त्या व्याख्यानाचा सारांश. तळमजल्यावरच्या सावित्रम्मांनी तो इतका मनावर घेतला की त्यांच्या फोनमधून आता फोटो निघत नव्हता, नकाशा उघडत नव्हता आणि समोरच्याला त्यांचा आवाज जात नव्हता. तरी फोनवर काही उगवलं की त्या दोन मजले चढून येत.

"मॅडम, हे 'अलाऊ' म्हणालंय. दाबू?"

"नको."

"बरं झालं विचारलं," असं म्हणून सावित्रम्मा समाधानाने खाली जात.

अशा बाईंनी पैसे देणाऱ्या सर्वेक्षणांच्या नादी का लागावं? 'मतमोल' नावाच्या ॲपची जाहिरात होती: घरबसल्या आपलं मत द्या, मोल मिळवा. पैशांची तशी पद्मजाबाईंना गरज नव्हती. पण मतं त्यांच्याकडे भरपूर होती आणि घरात त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. पती महिपतराव विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून बोलणं ऐकून घेत, पण त्यातलं काही आत जात असल्याची खूण चेहऱ्यावर दिसत नसे. तेव्हा कोणीतरी आपल्याला मत विचारतंय आणि वर काही देतंय, ही कल्पना पद्मजाबाईंना बरी वाटली.

पहिलं सर्वेक्षण शाम्पूचं होतं. आपण आठवड्यातून किती वेळा केस धुता? पद्मजाबाईंनी विचार केला. ते नळाला पाणी कधी येतं त्यावर अवलंबून होतं, आणि पाणी कधी येतं हे महापालिकेवर अवलंबून होतं. तसा पर्याय नव्हता. त्यांनी 'निश्चित सांगता येत नाही' हा पर्याय निवडला. पडदा लाल झाला. 'क्षमस्व! तुम्ही या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.'

दुसरं चहाचं होतं. कोणता चहा वापरता? त्या दोन चहा एकास दोन या प्रमाणात मिसळत. 'क्षमस्व! तुम्ही पात्र नाही.' तिसरं बिस्किटांचं. बिस्किट खाताना तुम्हाला कोणती भावना जाणवते: आनंद, उत्साह, आपुलकी की साहस? पद्मजाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन एक बिस्किट खाल्लं, लक्षपूर्वक खाल्लं आणि परत येऊन 'यांपैकी नाही' लिहिलं. क्षमस्व.

शाळेत पहिल्या, कॉलेजात पहिल्या, विद्यापीठात दुसऱ्या आलेल्या बाईला एका बिस्किटाने नापास केलं.

"अहो, मी पात्र नाही म्हणे," त्या महिपतरावांना म्हणाल्या.

"मला कोणी विचारतच नाही," महिपतराव पेपरमागून म्हणाले, "त्यामुळे मी नापास होत नाही."

आता इथे कोणीही दुसरं असतं तर त्याने ॲप काढून टाकलं असतं. पद्मजाबाईंनी त्याचं गोपनीयता धोरण वाचायला घेतलं. ते लिहिणाऱ्यानेही लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं नसावं इतकं लांब होतं. दोन दुपारी गेल्या. आपण दिलेली माहिती 'विश्वासू भागीदारांना' पुरवली जाईल, असं त्यात एका कलमात होतं, आणि भागीदारांची यादी उघडली तर ती बोटाने कितीही वर सरकवली तरी संपेना. एवढ्या लोकांवर जो विश्वास ठेवतो त्याला आपण खरं काय म्हणून सांगायचं? पद्मजाबाईंनी निर्णय घेतला. यापुढे उत्तरं द्यायची, पण स्वतःची नाहीत. यात त्यांना लबाडी वाटली नाही. प्रयोगशाळेत आम्ल हाताळताना आपण हातमोजे घालतो, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

पुढच्या सर्वेक्षणात प्रश्न आला: आपल्या घरी पाळीव प्राणी आहे का? त्यांनी 'होय, कुत्रा' म्हटलं. पडदा हिरवा झाला, त्यावर कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस पडला आणि अक्षरं उमटली: 'अभिनंदन! तुम्ही पात्र आहात!'

निवृत्तीनंतर त्यांचं असं अभिनंदन कोणी केलं नव्हतं.

कुत्र्याचं नाव? पद्मजाबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांना आर्गॉन वायू आठवला. तो हवेत सगळीकडे असतो, प्रत्येकाच्या नाकात जातो आणि बाहेर येतो, कोणाला कळत नाही, रंग नाही, वास नाही, कोणाशी त्याची प्रक्रिया होत नाही. नसलेल्या कुत्र्याला याहून योग्य नाव मिळणं कठीण होतं.

पत्ता मागितला तेव्हा त्यांनी खबरदारी म्हणून फ्लॅटचा एक आकडा बदलला. त्या राहत दोनशे दोनमध्ये. लिहिलं तीनशे दोन. फोन नंबर मात्र खरा द्यावा लागला, कारण त्याच्यावर पडताळणीचा संकेतांक यायचा होता.

मग आठवड्यांमागून आठवडे आर्गॉन वाढत गेला. पद्मजाबाईंनी खोटं बोलण्यातही हयगय केली नाही. जात विचारली तेव्हा यादीतली परदेशी नावं सोडून त्यांनी 'इतर' निवडून इकडचं देशी 'कारवानी' लिहिलं, कारण सोलापूरच्या उन्हात लांब केसांचं कुत्रं ठेवणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. वजनावरून त्याला किती उष्मांक लागतील याचा हिशेब केला, आणि तो उत्तरांमध्ये कधी चुकू दिला नाही. ॲपनेच त्याच्या वाढीचा आलेख काढला. तो इतका सुरेख होता की त्या कधीकधी नुसता पाहण्यासाठी उघडत. दिवाळीत 'फटाक्यांनी अस्वस्थ होतो का?' असं विचारलं तेव्हा त्यांनी 'खूप' लिहिलं, आणि त्या रात्री बाहेर लड लागली तेव्हा त्यांना उगाच चुकल्यासारखं वाटलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. फक्त एक गोष्ट पद्मजाबाईंच्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. सिद्धकृपात वाय-फाय चार घरांत मिळून एक होतं. कनेक्शन सोसायटीचे सेक्रेटरी चनबसप्पा बिराजदार यांच्या नावावर, बिल चौघांत, आणि पासवर्ड जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर खडूने लिहिलेला. चारशे दोनमध्ये चनबसप्पा, तीनशे दोनमध्ये भाडेकरू रेश्मा, दोनशे दोनमध्ये पद्मजाबाई आणि तळमजल्यावर सावित्रम्मा. बाहेरच्या जगाला ही चार घरं म्हणजे एकच बिऱ्हाड दिसत होतं.

चनबसप्पा एक दिवस हातात फोन धरून आले. सहकारी पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून हयात गेल्यामुळे ते कुठल्याही दारात उभे राहिले की घरातल्यांना आपण काहीतरी चुकवलंय असं वाटे.

"मॅडम, बगा की हे. मी बसवेश्वरांची वचनं ऐकालोय, तर मदी कुत्र्याचा पट्टा. क्रिकेट लावलं, कुत्र्याचं खाद्य. काल तर म्हणतंय, 'तुमच्या लाडक्याच्या दातांची काळजी घेता का?' माझे स्वतःचे सगळे पडल्यात!"

"जाहिराती येतात," पद्मजाबाई म्हणाल्या.

"येऊ द्या की. पण कुत्र्याच्याच का? अक्कलकोटला माझा भाचा मोबाइलचं दुकान चालवतोय. तो म्हणाला, मामा, तुमच्या कनेक्शनवर कोण तरी कुत्रं पाळलंय. त्याशिवाय फोन असं करत न्हाय. म्हणून तुमाला विचारतो. सायन्सवाल्या तुमी. असं असतंय का?"

इथे पद्मजाबाईंना 'काही कल्पना नाही' म्हणता आलं असतं. पण शास्त्रीय प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं त्यांच्या हातून होईना.

"शक्य आहे," त्या म्हणाल्या.

चनबसप्पांनी मांडीवर थाप मारली. सिद्धकृपाच्या नियमावलीत कुत्रा पाळायला बंदी होती. ती त्यांनी स्वतः घातली होती, कारण नोकरीत वसुलीला गेल्यावर त्यांना अनेक घरच्या कुत्र्यांनी अनेक ठिकाणी धरलं होतं. संध्याकाळपर्यंत गच्चीवर चौकशी समिती स्थापन झाली आणि अध्यक्षपदी पद्मजाबाईंची एकमताने निवड झाली. नसलेला कुत्रा शोधायची जबाबदारी त्याच्या मालकिणीवर आली.

समितीपुढे पहिली साक्ष सावित्रम्मांची झाली.

"मी ऐकलंय की. बारीक आवाज. कुंई करून."

"कधी?"

"ते काय सांगू? मी ऐकालेली होते, घड्याळ बघालेली नव्हते."

"कुठून आला आवाज?"

"वरून." सावित्रम्मांना सगळी इमारतच वर होती. तरी त्यांनी बोट जिन्याच्या डाव्या अंगाला दाखवलं आणि आवाज खाली आणला. "ती पोरगी दूध जास्त घ्यालीय. माझ्याकडनं रद्दी नेली, कशाला म्हटलं तर हसली नुसती. आणि सकाळी अंधारात पिशवी घेऊन खाली जाते. पिशवी झाकलेली."

ती पोरगी म्हणजे रेश्मा. एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. नवरा आशिष श्रीपूरच्या साखर कारखान्यात, गाळपाच्या दिवसांत महिन्यातून एकदाच घरी यायचा. एकटी बाई, भाडेकरू आणि हसतमुख. संशय घ्यायला सोसायटीला एवढं पुष्कळ होतं.

पद्मजाबाईंनी अध्यक्ष या नात्याने एकेक पुरावा निकालात काढला. दूध जास्त घेते, म्हणजे दही लावत असेल. रद्दी कपाटात अंथरायला लागते. पिशवीत ओला कचरा असेल, तो झाकूनच नेतात. आवाज पाण्याच्या दिवशी फरशीवरून ओढलेल्या पिंपाचा असेल. त्या इतक्या कळकळीने बोलल्या की चनबसप्पा म्हणाले, "मॅडम, तुमी वकील व्हायला पायजे होतं." त्यांना हे माहीत नव्हतं की कुत्रा नाही याची पक्की खात्री असलेली इमारतीत ती एकटीच व्यक्ती होती.

घरी येऊन त्यांनी आर्गॉनला संपवायचं ठरवलं. म्हणजे खातं बंद करायचं. ॲपमध्ये तशी सोय होती, सहा पडद्यांच्या आत. शेवटच्या पडद्यावर लिहिलं होतं: 'जाण्यापूर्वी एक छोटंसं सर्वेक्षण! आपण आम्हाला का सोडून जात आहात?' पहिला प्रश्न: 'आपल्या पाळीव प्राण्याचं निधन झालं आहे का?' पद्मजाबाईंचं बोट 'होय'वर गेलं आणि थांबलं. दीड वर्षांचा, धडधाकट, आलेख इतका सुरेख. त्यांनी 'नाही' दाबलं. 'क्षमस्व! तुम्ही या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.' आणि खातं होतं तिथेच राहिलं.

मग त्यांनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. उत्तर नम्र होतं. ज्याची माहिती पुसायची आहे त्याचा ओळखीचा पुरावा आणि समोरून काढलेला फोटो पाठवावा. पद्मजाबाईंनी कळवलं की असा कुत्रा अस्तित्वात नाही. त्यावर आलं: 'अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांची माहिती आम्ही ठेवत नाही. त्यामुळे ती पुसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आर्गॉनला आमच्या शुभेच्छा.'

नाइलाजाने त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. ज्ञानदा संगणकाच्या कंपनीत होती.

"आई, तू अख्ख्या बिल्डिंगला सांगतेस माहिती देऊ नका, आणि स्वतः—"

"मी माझी माहिती दिलेली नाही. कुत्र्याची दिली."

"कुठला कुत्रा?"

"तो नाही."

मग ज्ञानदा हळूच म्हणाली, "आई, जरा बाबांना फोन दे."

महिपतरावांनी फोन घेतला, 'हो, जेवते नीट' असं दोनदा म्हणाले आणि परत दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी पद्मजाबाईंना एका अनोळखी नंबरवरून फोन येत राहिला. त्यांनी तो उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे त्यांच्याच व्याख्यानातलं कलम होतं. संध्याकाळी जिन्यात चनबसप्पा उभे होते. त्यांच्या पायाशी एक गोणी होती, आणि चेहऱ्यावर बुडीत कर्ज व्याजासकट वसूल झाल्याचं समाधान.

"कुरियरवाला म्हणाला, पार्टी फोन उचलत न्हाय, तुमीच घ्या. घेतलं. वाचा की मॅडम, तुमीच वाचा."

गोणीवर झेप घेणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. खाली चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं: 'आमच्या निष्ठावंत सदस्यासाठी सप्रेम भेट. आर्गॉन, फ्लॅट नं. ३०२, सिद्धकृपा अपार्टमेंट.'

पद्मजाबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"नाव बगा, आर्गॉन," चनबसप्पा म्हणाले. "परदेशी दिसतंय कुत्रं. रविवारी सभा. नोटीस तयार हाय, महिन्याभरात खोली खाली."

दोन दिवस पद्मजाबाईंच्या जिवाला चैन नव्हती. बोलावं तर जन्माची अब्रू जाणार. जिने साऱ्या इमारतीला 'दाबू नका' म्हणून सांगितलं, ती स्वतः दुपारी दार लावून कुत्र्याच्या दातांची माहिती भरत बसते, हे लोकांना कळणार. सावित्रम्मा पुन्हा कधी विचारायला येणार नाहीत आणि भलतंसलतं दाबतील. न बोलावं तर एका निरपराध मुलीला सामान उचलावं लागणार, तेही गाळप चालू असताना, नवरा हाताशी नसताना. शनिवारी जिन्यात रेश्मा भेटली. डोळे सुजलेले होते. "मॅडम, समितीत तुम्हीच आहात ना?" एवढंच ती म्हणाली. पद्मजाबाईंना त्या दिवशी भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवेना, आणि असं त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरली गेली. गोणी मधोमध ठेवली होती, जणू सत्कार तिचाच होता. चनबसप्पांनी नोटीस वाचायला चष्मा लावला. रेश्माने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पद्मजाबाई उभ्या राहिल्या.

"तो माझा आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आर्गॉन. पत्ता मी चुकीचा दिला होता. मुद्दाम. आणि कुत्रा असा कुठे नाहीच. तो मी ॲपमध्ये तयार केलेला आहे." मग त्यांनी सगळं क्रमवार सांगितलं: शाम्पू, चहा, बिस्किट, धोरण, हातमोजे, आर्गॉन. शेवटी फोन काढून चनबसप्पांच्या हातात दिला.

चनबसप्पा बराच वेळ पाहत राहिले. फोन सतरंजीवर हातोहात फिरला. लोक वाकून वाचू लागले. वय, वजन, छातीचा घेर, झोपायच्या सवयी, कोणत्या अंगावर झोपतो, आलेख.

"मॅडम," चनबसप्पा सौम्यपणे म्हणाले, "खोटं माणूस इतकं बारीक सांगत न्हाय. मी तीस वर्षं वसुली केली. खोटं बोलणारा गोल बोलतोय. हितं तर ग्रॅममदी लिवलंय."

"मी नेहमीच ग्रॅममध्ये लिहिते."

"तेच म्हणालोय की मी. तुमी खोटं लिवणार न्हाय."

"पण आत्ता सांगते आहे ना, कुत्रा नाही! महिपतरावांना विचारा."

सगळ्यांनी महिपतरावांकडे पाहिलं. ते बिचारे सरळ माणूस. त्यांनी विचार केला. "मला कुत्रा दिसलेला नाही," ते म्हणाले. "पण घरात काय आणलंय आणि काय नाही हे मला सहसा सांगितलं जात नाही. असेलही."

"घरात नसंल तर कुटं असंल?" चनबसप्पांनी विचारलं.

"अय्यो, अकलूजला!" सावित्रम्मा एकदम म्हणाल्या. "मॅडमची नणंद हाय की तितं. मोठं अंगण हाय म्हणतेत. तिकडंच ठिवलं असंल, बंदी हाय म्हणून."

गच्चीवर 'हां' असा दीर्घ उच्चार झाला. सगळं जुळलं. पद्मजाबाईंनी आणखी दोनदा सांगितलं की कुत्रा अकलूजला नाही, कुठेच नाही. चनबसप्पांनी हात वर केला.

"मॅडम, एक कायतरी ठरवा. कुत्रं तुमचं असंल, तर रेश्माचा काय संबंध न्हाय, नोटीस मी फाडतो. कुत्रं कुणाचंच नसंल, तर पार्सलवर तीनशे दोन लिवलंय आणि मला कागदावर चालायला लागतंय. बोला. तुमचं हाय का न्हाय?"

पद्मजाबाईंनी आयुष्यात पुष्कळ तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. दोन्ही पर्याय चुकीचे आणि तरी एक निवडायचाच, असा प्रश्न त्यांनी कोणाला कधी विचारला नव्हता. रेश्मा सतरंजीच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

नोटीस फाटली. आता खरं तर त्यांचा निकाल लागायचा. पण चनबसप्पा अजून फोनकडेच पाहत होते.

"फटाक्याला भितंय व्हय बिचारं?" ते म्हणाले.

"खूप," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. त्याचं कारण त्यांना शास्त्रीयदृष्ट्या देता आलं नसतं.

"आणि दही खातंय," सावित्रम्मा म्हणाल्या. "आमच्या शिद्रामालाबी दही लई आवडायचं." शिद्राम हा त्यांचा मुलगा होता, आणि अमेरिकेत होता.

मग ठराव झाला. सौ. आराध्ये यांच्या आर्गॉन नावाच्या एका कुत्र्यास खास बाब म्हणून परवानगी. त्याने लिफ्ट वापरू नये. दुपारी भुंकू नये. जिना पुसण्याचा जादा आकार मॅडमनी दरमहा भरावा. टाळ्या वाजल्या. दोघांनी 'कधी आणताय अकलूजहून?' असं आपुलकीने विचारलं. महिपतरावांनी गोणी खांद्यावर घेतली.

सोमवारी चनबसप्पांनी फाटकावर पत्र्याची पाटी लावली: 'कुत्र्यापासून सावध राहा'. चोरांना तेवढाच धाक, असं ते म्हणाले.

त्याच दिवशी, महिपतराव बागेत फिरायला गेले असताना, दारावर टकटक झाली. रेश्मा उभी होती. हातात झाकलेली पिशवी होती. ती आत आली, दार लावलं आणि पिशवी जमिनीवर ठेवली. पिशवी कुंई म्हणाली.

तिच्यातून मातकट रंगाचं, कानांपेक्षा अंग लहान असलेलं एक पिल्लू बाहेर आलं आणि पद्मजाबाईंच्या चपलेवर बसलं.

"विजापूर रोडला रसवंतीच्या मागं सापडलं, मॅडम. पावसात भिजलेलं. दोन महिने झाले," रेश्मा म्हणाली. "मी काल सभेत सांगणारच होते. पण तुम्ही आधी उभ्या राहिलात. ती गोणी बघून मला वाटलं ह्यांनीच श्रीपूरहून मागवली, फोन करून केवढी भांडले! तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना? मला वाचवायला केलंत ना हे?"

"नाही," पद्मजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही असंच म्हणणार," रेश्मा म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

"त्या जाहिराती..." पद्मजाबाईंना एकदम सुचलं. "तू फोनवर काही शोधत होतीस?"

"रोज. पिल्लाला दूध पचतं का, दात कधी येतात, पट्टा कुठला घ्यावा. सगळं."

पद्मजाबाई खुर्चीवर बसल्या. दोन कारणं असताना त्यांनी एकच गृहीत धरलं होतं. अकरावीच्या मुलीने प्रयोगवहीत असं लिहिलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारली असती. कदाचित त्यांच्या आर्गॉनने कोणाच्या फोनवर एकही जाहिरात पाठवली नव्हती. चनबसप्पा पहिल्यापासून बरोबर होते, सावित्रम्मांनी खरंच ऐकलं होतं, आणि एकटी समितीची अध्यक्ष चूक होती.

"एका कुत्र्याला परवानगी मिळालीय, मॅडम," रेश्मा चाचरत म्हणाली. "आणि तो कुत्रा नाहीये. आणि हा आहे, तर याला परवानगी नाही. मी खाली येऊन-जाऊन करीन सगळं. फक्त नाव तुमच्या घरचं."

पद्मजाबाईंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, त्यावर परात ठेवली, परातीचं वजन वजा केलं आणि पिल्लू ठेवलं. दोन किलो तीनशे ग्रॅम.

"नोंदीत चोवीस किलो आहे," त्या म्हणाल्या.

"वाढंल की."

"ठरावात मात्र वजन लिहिलेलं नाही," पद्मजाबाईंनी आठवून पाहिलं. "जातही नाही." त्यांनी वाटीत दही घेतलं आणि खाली ठेवलं. पिल्लाने वाटी उलटी करून चाटली. पुढच्या घरात कुकरची शिट्टी झाली तसं ते धावत येऊन त्यांच्या साडीत शिरलं. पद्मजाबाईंनी याचीही मनात नोंद घेतली.

रेश्मा दवाखान्यात गेली. पद्मजाबाईंचा फोन वाजला. मतमोल. 'गेल्या महिन्यात आर्गॉनच्या वजनात काही बदल?' त्यांनी चष्मा लावला आणि या ॲपवर कुत्र्याबद्दलचं पहिलं खरं उत्तर लिहिलं: दोन किलो तीनशे ग्रॅम. वय तीन महिने. पडदा लाल झाला.

'क्षमस्व! तुमची उत्तरं विश्वासार्ह वाटत नाहीत. आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.'

त्या पडद्याकडे पाहत होत्या तेवढ्यात महिपतराव फिरून आले. दारात चपला काढल्या आणि साडीच्या निऱ्यांतून डोकावणाऱ्या पिल्लाकडे बराच वेळ पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अकलूजच्या आपल्या बहिणीच्या पाहुणचाराबद्दल त्यांनी कधी एक वावगा शब्द ऐकून घेतला नव्हता. माहेरी वाट बघणाऱ्या आईसारखं तिचं घर, असं ते म्हणत, आणि तिथून उपाशी परतलेल्या पद्मजाबाई गप्प बसत.

"आला वाटतं अकलूजहून," महिपतराव म्हणाले. ते खाली बसले, पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, चोवीस किलोचा होता ना हा? काय हाल झालेत! ताईने याला काही खायलाच घातलेलं दिसत नाही. तिथे असंच असतं का गं?"

पद्मजाबाईंनी फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

"साधारण," त्या म्हणाल्या.